लाकडे आपणहून जुळली तर

दोंडाईचा म्हटले की लाल मिरचीचा बाजार आठवतो. मक्यापासून स्टार्च काढणारा तेथील कारखाना वाटसरूच्या लक्षात राहत नाही. हेच स्टार्च आपण कपड्यांना खळ म्हणून देतो. त्याच्या पातळ द्रावणात आयोडीनचा थेंब पडला की गडद निळा रंग येतो. स्टार्चमधील अमायलोजचा धागा गोल जिन्यासारखा वळत जातो, प्रत्येक वळणात ग्लुकोजचे 6 घटक. मधल्या पोकळीत आयोडीन रांगेने जाऊन बसते. त्याला कुणी बसवीत नाही. शाळेत या निळ्या रंगाला आम्ही गुण मिळविले, नवल मात्र केले नाही.

शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात. मऊ, जैविक रेणूंच्या संगतीत धातूही आकार घेतो. 2003 साली अमेरिकेतील संशोधकांनी चांदीचा क्षार, ग्लुकोज आणि स्टार्च यांच्या कोमट द्रावणातून चांदीचे अतिसूक्ष्म कण मिळविले. ग्लुकोजने चांदी मोकळी केली, स्टार्चने कणांना एकमेकांस चिकटू दिले नाही. 2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे चपटे त्रिकोण घडविले. 'घडविले' हे क्रियापद लिहिताना हात अडखळतो. घडविले कुणी?

वस्तू आपोआप जुळतात म्हटले की काही भाविकांना धास्ती वाटते, निर्मात्याला कामच उरले नाही की काय! 13व्या शतकात ॲरिस्टॉटलच्या ग्रंथावर भाष्य करताना संत थॉमस अक्वायनस यांनी उलटा विचार केला. निसर्ग म्हणजे वस्तूंच्या आतच ठेवलेले ईश्वरी कौशल्य. जणू नाव बांधणाऱ्याने लाकडांनाच आपणहून जुळून नाव होण्याची शक्ती द्यावी. आम्हांला हा दाखला पुरेसा वाटतो.

आमची काळजी निराळी आहे. चांदीचे कण जंतू मारतात, म्हणून ते पायमोज्यांतही घातले गेले. मोजे धुताना काही चांदी पाण्याबरोबर निघून जाते, आणि तिला उपकारक जंतू व अपायकारक जंतू यांतला भेद कळत नाही. शोधनिबंधावर आणि पेटंटावर माणसांची नावे असतात. नाल्यात गेलेल्या चांदीविषयी विचारले की तीच माणसे 'आपोआप' हा शब्द पुढे करतात. शेतातला मका शेतकऱ्याने उगवलेला नसतो, तो उगवतो. तरीही बी कोणते पेरले, फवारा कशाचा मारला, याचा जाब शेजारच्या बांधावरचा माणूस त्यालाच विचारतो, आणि त्यालाही ते वावगे वाटत नाही.