मोडका पाटा

खडकाळ वाटेने ओझे वाहणाऱ्या पिकअप गाडीच्या मागील आसावर पोलादी पाट्यांची जुडी असते. एक पाटा मोडला की त्याचा भार शेजारच्यांवर पडून तेही मोडू लागतात. शहाणा कारागीर मोडका पाटा बदलितो, यू-बोल्ट घट्ट आवळितो. नुसता वरून जाड पाटा घालीत नाही, कारण तेणेकरून गाडी ताठर होऊन हादरा चौकटीस बसतो.

मंडळीचेही तसेच आहे. कर्जाने वा दारूने खचलेल्या बंधूस आपण दूर लोटितो, तेव्हा त्याचे ओझे प्रथम त्याच्या बायकामुलांवर व अखेर सर्व मंडळीवर येते. कठोर नियम वाढविल्याने तो सावरत नाही. रोमकरांस पत्राच्या 15 व्या अध्यायारंभी पौल हे कर्तव्य सशक्तांवरच ठेवितो. यास्तव आजच अशा एका घरी जा, त्याजबरोबर प्रार्थना करा व त्याचा भार वाटून घ्या. प्रभू तुम्हांस सामर्थ्य देवो. आमेन.