पैजेची सोय

क्रिकेटच्या सामन्यावर पैज लावण्यासाठी मोबाइलवरील कोणते ॲप उत्तम, हा प्रश्न एखादा सुशिक्षित तरुण अशा निर्विकार चिकित्सेने विचारतो की, तो शिलाईयंत्र खरेदी करावयास निघाला आहे असे कोणासही वाटावे. पैसे क्षणात भरता येतात काय, चेंडूगणिक पैज लावता येते काय, नव्या सभासदास बोनस किती, या कसोट्या तो काटेकोरपणे लावतो. मात्र आपण माल निवडीत नसून ज्याच्याशी पैज मारावयाची तो प्रतिपक्षच निवडीत आहोत, आणि तो जितका तत्पर तितका आपल्यास महाग पडणार, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

मुंबईस हे वेड नवे नव्हे. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याच्या व्याख्येत पावसावरील सट्टा बसत नाही असे न्यायालयात ठरल्यावर, १८९० साली सरकारास त्या व्याख्येत पैजेचाही अंतर्भाव करावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर आकडा लागू लागला आणि त्यातूनच मटका जन्मास आला. परंतु आकडा लावणाऱ्यास नाक्यापर्यंत चालत जावे लागे, रोकड मोजून द्यावी लागे, ओळखीच्या माणसाने पाहिले तर काय, ही धास्ती वागवावी लागे. पोलिसांच्या बंदोबस्तापेक्षा या अडचणींनीच अधिक संसार वाचविले असतील, असे मला वाटते. आणि नेमक्या याच अडचणी नाहीशा करणे हा ॲपचा गुण मानला जातो!

हिशेब तर अगदी साधा आहे. दोन तुल्यबळ संघांच्या सामन्यात रुपयास दोन रुपये हा न्याय्य भाव. ॲप दोन्ही बाजूंस १.९० देते, म्हणजे शंभरांच्या पैजेमागे सरासरी पाच रुपये पेढीकडे राहतात. सबंध सामन्यावर एकच पैज असेल तर ही रक्कम किरकोळ. पण चेंडूगणिक पैजा लागल्या की तीच कापणी संध्याकाळपर्यंत कितीदा होते, याची गणती खेळणारा ठेवीत नाही. हजारांच्या बोनसाला वीसपट पैजा लावण्याची अट जोडलेली असली, तर वीस हजारांच्या उलाढालीत सरासरीने हजार रुपये आल्या वाटेने परत जातात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील टोट याहून बरा म्हणावयाचा: तेथे जमा रकमेतून ठराविक वाटा कापून बाकी विजेत्यांत वाटतात, त्यामुळे कोणता घोडा पुढे आला याचे सोयरसुतक टोटला नसते. ॲपच्या पेढीस मात्र हरणारे गिऱ्हाईकच प्रिय. सतत जिंकणाऱ्याच्या पैजेवर मर्यादा घालण्याचा प्रघात इंग्लंडातील परवानाधारक पेढ्यांतही आहे.

आपल्याकडे तर १८७२ च्या कराराच्या कायद्यातील कलम ३० अन्वये पैजेचा करार निरर्थक असून जिंकलेल्या रकमेच्या वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात चालत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला: चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; नुसते खेळणाऱ्यास शिक्षा नाही. तेव्हा या तरुणाच्या चोखंदळपणास उरल्या त्या परमुलखातील पेढ्या. ‘पैसे लवकर मिळतात’ या अनोळखी शेऱ्यावर विसंबून त्यांपैकी एकीकडे तो रक्कम भरतो. ती अडकली, तर फिर्याद कोणत्या कचेरीत गुदरावयाची, ही कसोटी मात्र त्याच्या यादीत नसते.