दंडाची पावती

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घराण्याची महत्त्वाची कागदपत्रं त्यात असतात. म्हणजे माझ्या मुंजीचा फोटो, केव्हाच भंगारात गेलेल्या रेडिओचं लायसन, मी कधीच न पाठवलेला एक राजीनामा आणि १९९३ सालची दंडाची एक पावती. पावतीवर 'रुपये पाचशे फक्त' असं लिहिलंय. दंडाच्या रकमेपुढे 'फक्त' लिहायची पद्धत ज्याने काढली, तो कारकून मोठा तत्त्वज्ञ असला पाहिजे. काय झालं असेल ते असो, आता प्रश्न पाचशेचाच आहे आणि तेही फक्त!

ही पावती परवा पुन्हा बाहेर आली ती आमच्या नातवामुळे. त्याला मोटारींच्या शर्यतींचं वेड आहे. रविवारी फॉर्म्युला वनची शर्यत असली की घरातला टीव्ही त्याचा. वीस-बावीस मोटारी डासांसारख्या गुणगुणत गोल गोल फिरत असतात. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, तर मुळात निघायचं कशाला, असं मी पूर्वी विचारत असे. मग लक्षात आलं, की पस्तीस वर्षं कचेरीत जाऊन मीही दुसरं काही केलेलं नाही. तेव्हापासून मी गप्प बसून बघतो.

तर परवा एका गड्याने वळणावर दुसऱ्याला सरळ रस्त्याबाहेर काढलं. पंचांनी पाच सेकंदांचा दंड ठोठावला. पण हा पठ्ठ्या तोवर आठ सेकंद पुढे गेला होता. तेव्हा दंडही भरला आणि नंबरही राखला. मी म्हटलं, "अरे, हा काय न्याय झाला?"

"आबा, पाच सेकंद भरले ना त्याने? मग फिट्टंफाट!"

त्या 'फिट्टंफाट'ने मला रात्री झोप लागली नाही. दंड भरला की झालं? पाप आणि पावती यांचा हिशेब खरंच इतका सरळ असतो का?

दुसऱ्या दिवशी मी नातवाची शिकवणी लावली. म्हणजे तो शिकवणार, मी शिकणार. या शर्यतींतला दंडविधान नावाचा प्रकार पाहिला तर मनुस्मृती पोरखेळ वाटेल. पाच सेकंद, दहा सेकंद, पुढच्या शर्यतीत इतक्या जागा मागून सुरुवात, असे अनेक दंड. शिवाय २०१४ पासून परवान्यावर गुन्ह्यांचे गुण चढतात. बारा महिन्यांत बारा गुण झाले की एका शर्यतीला घरी बसायचं. २०२४ साली केव्हिन मॅग्नुसेन या डॅनिश चालकाने ते बारा पुरे केले आणि या नियमाखाली घरी बसणारा तो पहिलाच ठरला. आयुष्यात मला परीक्षेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. त्याला मिळाले ते असे.

मोटारीचं इंजिन ठरल्यापेक्षा जास्त वेळा बदललं तरी दंड. २०१५ साली बेल्जियममध्ये मॅक्लारेनच्या दोन गाड्यांना मिळून १०५ जागा मागे जाण्याची शिक्षा झाली. शर्यतीत गाड्या होत्या वीस! बाकीच्या जागा बेल्जियमची हद्द ओलांडून कुठे मोजायच्या, हे कुणी सांगितलं नाही. आणि यातली खरी गोम अशी, की इंजिन बदलणारे हे लोक दंडाला भीत नाहीत. ते आधी हिशेब करतात. अमुक गावच्या शर्यतीत पुढे जाणं सोपं, तेव्हा दंड तिथेच घेऊन टाकू. आमच्याकडे लोक मुहूर्त पाहून लग्न करतात, ते मुहूर्त पाहून दंड भरतात.

कळस झाला तो १९९८ साली सिल्व्हरस्टोनला. फेरारीच्या मायकेल शूमाकरला दहा सेकंद थांबायची शिक्षा झाली होती. तिची चिठ्ठीही उशिराच पोचली. त्याने काय करावं? शेवटच्या फेरीत शिक्षा भोगायला तो आत वळला. फेरारीचा थांबा अंतिम रेषेच्या पलीकडे होता. त्यामुळे शिक्षेकडे जाता जाता वाटेतच रेषा ओलांडून स्वारी शर्यत जिंकली! पुढे ती शिक्षाही रद्द झाली. तुरुंगात शिरताना दारात हार घालून घेतलेला हा एकच गृहस्थ.

तुम्ही हसलात. मीही हसलो. पण हसता हसता हात खालच्या खणाकडे गेला.

त्याचं असं झालं. १९९३ च्या मे महिन्यात मी आणि ही पुण्याहून मिरजेला निघालो होतो. मधल्या एका स्टेशनावर चहाला उतरलो. गाडी हलल्यावर आम्ही धावत डब्यात शिरलो आणि ही किंचाळली, "अगंबाई, बरणी!" सासूबाईंनी दिलेली लोणच्याची चिनीमातीची बरणी फलाटावरच्या बाकावर राहिली होती. पुढचं मला आठवत नाही, असं मी न्यायाधीशांना सांगितलं. खरं म्हणजे चांगलं आठवतंय. मी साखळीखालची पाटी पूर्ण वाचली. विनाकारण ओढल्यास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. मनातल्या मनात मी बरणीची किंमत, सासूबाईंची स्मरणशक्ती आणि दंड यांचा हिशेब केला आणि साखळी ओढली. म्हणजे इंजिन बदलणाऱ्या त्या लोकांचा मी पूर्वजच म्हणायचा!

गाडी थांबली. गार्डसाहेब आले. नावगाव लिहून घेणं, माझं स्पष्टीकरण, बरणीचं आगमन, यात अर्धा तास गेला. तोवर डिझेल इंजिन जागच्या जागी धूर ओकत उभं होतं. समोरच्या बाकावर एक धोतरवाले गृहस्थ आणि त्यांचा मुलगा बसले होते. मुलाच्या मांडीवर सर्टिफिकिटांची फाईल होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगोल्याला शाळामास्तरच्या नोकरीची त्याची मुलाखत. मिरजेला उतरून पंढरपूरकडे जाणारी छोटी गाडी पकडायची. तेव्हा ती लाईन नॅरोगेज होती.

मिरजेला पोलीस माझा जबाब घेत होते, तेव्हा ते बापलेक पूल चढून धावताना मला दिसले. ते पोचायच्या आत छोटी गाडी हलली. तिची साखळी ओढायला कुणी नव्हतं. थोड्या वेळाने ट्रंक घेऊन ते परत आले. मी काहीतरी पुटपुटलो. ते गृहस्थ म्हणाले, "असू द्या." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढे कोर्टात मी पाचशे रुपये भरले. रेल्वेचा आणि माझा हिशेब मिटला. पण चुकली होती त्या पोराची गाडी! दंड योग्य होता, रक्कम योग्य होती, पावतीवर शिक्का होता. खिडकी मात्र चुकीची होती. रात्री एस. टी. मिळून तो पोचला असेल, अशी मी गेली तीसेक वर्षं स्वतःची समजूत घालतो आहे. लोणचं खारट निघालं, हे जाता जाता सांगतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मोटरमन राहतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, दंड म्हणजे ब्रेक. आणि ब्रेक दोन जातींचे असतात." मग त्यांनी मला जे समजावलं ते असं. जुना ब्रेक चाकाला घासतो. गाडी थांबते, पण तिचा सगळा वेग उष्णता होऊन हवेत जातो. जळका वास आणि काळी भुकटी एवढीच मागे उरते. मुंबईच्या आजच्या लोकलमध्ये ब्रेक लावला की गाडी चालवणारी मोटरच उलट काम करते, जनित्र होते आणि वेगाची वीज करून वरच्या तारेत परत पाठवते. थांबणाऱ्या गाडीच्या विजेवर दुसरी गाडी निघते. शर्यतीच्या मोटारींनीही २००९ पासून ही विद्या उचलली, आणि २०२६ च्या नियमांत तर गाडीची जवळजवळ निम्मी ताकद विजेची.

मी म्हटलं, "म्हणजे आता धूर संपला म्हणा! वाफेच्या इंजिनाची कोळशाची खडी डोळ्यांत जायची, ती गेली. डिझेल गेलं. विजेवर सगळं स्वच्छ."

ते म्हणाले, "धूर संपला नाही, साहेब. त्याची बदली झाली." मुंबईत १९२५ साली व्ही. टी. ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, तेव्हापासून फलाटावरची हवा सुधारली हे खरं. पण आपल्या देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज आजही कोळशावर होते. प्रवाशाचा सदरा पांढरा, वीजकेंद्राजवळच्या माणसाचा काळा. जर्मनीत २०१८ साली हायड्रोजनवर चालणारी प्रवासी गाडी सुरू झाली. तिच्यातून नुसती वाफ आणि पाणी बाहेर पडतं. पण जगातला बहुतेक हायड्रोजन अजून नैसर्गिक वायूतूनच काढतात आणि त्याचा धूर कारखान्यात निघतो. मला एकदम माझी पावती आठवली. तिथेही मी स्वच्छ होऊन बाहेर पडलो होतो आणि काजळी सांगोल्याला गेली होती.

दिल्ली मेट्रोच्या या वीज परत देणाऱ्या ब्रेकांची २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत नोंद झाली आणि वाचवलेल्या धुराबद्दल त्यांना विकता येतील अशी प्रमाणपत्रं मिळाली. गोष्ट अभिमानाची. पण अशी प्रमाणपत्रं विकत कोण घेतं? दुसरीकडे धूर सोडणारा! म्हणजे तोही पावती घेऊन मोकळा. फिट्टंफाट!

पण मोटरमनकाकांच्या ब्रेकावरून मला एक गोष्ट उमगली. दंड किती, यापेक्षा दंडाची उष्णता होते की वीज, हे महत्त्वाचं. शर्यतीच्या नियमांतसुद्धा मला सगळ्यांत आवडलेला नियम अगदी साधा आहे. रस्त्याबाहेरून जाऊन कुणाची जागा घेतलीस? मग ती त्याला परत दे आणि पुढे चल. सेकंद नाही, रुपये नाही. घेतलं ते ज्याचं त्याला. १९९७ साली शेवटच्या शर्यतीत शूमाकरने व्हिल्नव्हच्या गाडीवर गाडी घातली. त्याचा वर्षाचा दुसरा क्रमांक तर गेलाच, शिवाय रस्ता सुरक्षेच्या प्रचाराचं काम करायची आज्ञा झाली. २०१८ साली ब्राझीलच्या शर्यतीनंतर व्हर्स्टापेनने एका स्पर्धकाला धक्काबुक्की केली, तेव्हा त्याला दोन दिवसांची समाजसेवा सांगितली, आणि त्यातला एक दिवस त्याने पंचांशेजारी बसून त्यांचं काम बघण्यात घालवला. ही शिक्षा मला सर्व सासरेबुवांच्या वतीने मान्य आहे. जावयाने दोन दिवस सासऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावं!

मी मोटरमनकाकांना माझी शेवटची शंका विचारली. "ब्रेकची वीज परत द्यायची, पण ज्याची गाडी चुकली तो माणूसच सापडत नाही. मग?"

ते हसले. "वीज ओळख विचारत नाही. थांबणाऱ्या गाडीची वीज कुणाला मिळते? त्या वेळी जी गाडी निघत असेल तिला. फक्त तारेवर कुणीतरी निघणारं असायला हवं, आणि आपण तारेला टेकलेलं."

तेव्हापासून आमच्या कॉलनीत कुणा पोराची मुलाखत किंवा परीक्षा असली, की मी पहाटे त्याचं दार ठोठावतो आणि माझ्या खडखडत्या स्कूटरवरून त्याला गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर नेऊन बसवतो. पोरं वैतागतात. त्यांच्या आया म्हणतात, "आबा किती परोपकारी!" मी काही बोलत नाही. पावती डब्यातच ठेवली आहे.

फिट्टंफाट झालं का? नाही. सांगोल्याच्या त्या मास्तराचं देणं कुणाही दुसऱ्याला देऊन फिटायचं नाही. पण पूर्वी नुसता जळका वास यायचा, तो आताशा थोडा कमी झाला आहे. नातवाला मी एवढंच सांगितलं, "बाबा रे, पाच सेकंद भरले ते पंचांना. ज्याला ढकललं त्याचं काय?" तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "आबा, तुम्ही परवा माझं चॉकलेट खाल्लंत, त्याचं काय?"

मी मुकाट्याने चपला घालून दुकानाकडे निघालो.