नांव पटावर, मूल कोठें?

दुष्काळ, महापूर किंवा भूकंप होऊन गेला म्हणजे आपण मेलेलीं माणसें मोजतों, पडलेलीं घरें मोजतों, दगावलेलीं गुरें मोजतों. हें योग्यच आहे. परंतु त्या संकटापायीं ज्यांची शाळा कायमची सुटली अशीं मुलें किती, हें मोजण्याची आठवण थोड्यांसच होते. या हानीचा दोष कोणाचा व ती भरून काढण्याचें कर्तव्य कोणाचें, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं संकटें एका क्षणांत कोसळतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींखालीं सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर व सांगली या जिल्ह्यांत महापूर आला, तेव्हां कित्येक शाळा पाण्यांत गेल्या आणि ज्या कोरड्या राहिल्या त्यांतील पुष्कळांत पूरग्रस्तांनीं आसरा घेतला. अशीं संकटें सर्वांस दिसतात, म्हणून मदतही धांवून येते.

दुष्काळाची चाल निराळी आहे. तो आवाज करीत नाहीं. पाऊस हुलकावणी देतो, विहीर आटते, घरांतील दाणा संपतो. मग बाप मुकादमाकडून उचल घेतो, आणि दिवाळीच्या सुमारास नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. बीड जिल्ह्यांतील वाचकांस हें सांगावयास नको. पाठीमागें सांभाळणारें कोणी नसलें म्हणजे मूलही गाडींत बसतें. शाळेच्या पटावर त्याचें नांव असतेंच. हजेरीच्या रकान्यांत मात्र दिवसांमागून दिवस गैरहजेरी पडते. चारपांच महिन्यांनीं तें परत येतें, तेव्हां वर्ग पुढें गेलेला असतो. आपणांस कांहींच येत नाहीं याची त्यास लाज वाटते, आणि एके दिवशीं तें जाण्याचेंच सोडतें. म्हणून केवळ पटसंख्या पाहून जो निश्चिंत होतो तो फसतो.

यावर कोणी विचारील, “पोट आधीं कीं पाटी आधीं?” आम्ही प्रामाणिकपणें सांगतों, पोट आधीं. १९७२ च्या दुष्काळानंतर, मे १९७३ मध्यें, महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. रखरखत्या उन्हांत खडी फोडणाऱ्या आईस, “तूं मुलास शाळेंत कां घातलें नाहींस?” असें विचारणें हा निर्दयपणा होय. ज्यास दुसरा मार्गच उरला नाहीं, त्यास दोषी ठरवितां येत नाहीं.

परंतु येथें एक भेद नीट ध्यानांत धरावा. पाऊस न पडणें हें माणसाच्या हातचें नाहीं. मात्र घरावर संकट आलें कीं प्रथम मुलीची शाळा बंद करावी, तिच्या डोक्यावर हंडा व कडेवर धाकटें भावंड द्यावें, आणि भावास मात्र शाळेंत ठेवावें, हा निवाडा आभाळानें केलेला नाहीं. तो आपण केलेला आहे. परत आलेल्या मुलास वर्गांत हंसणें, हेंही आपलेंच कृत्य. संकट सृष्टींतून येतें; त्याची किंमत कोणीं द्यावी हें पुष्कळदां माणसेंच ठरवितात.

भाकरी व अक्षर यांचें वैर असलेंच पाहिजे असें नाहीं. १८९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून उपाशी मुली आणिल्या, तेव्हां त्यांस नुसतें अन्न देऊन त्या थांबल्या नाहींत. अक्षरें व हातचें कामही शिकविलें. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्राथमिक शाळांतून शिजविलेलें दुपारचें जेवण देण्याचा हुकूम केला, आणि दुष्काळी भागांत तें उन्हाळ्याच्या सुटींतही द्यावें असें २००४ सालीं फर्माविलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षाच्या मध्येंही शाळेंत घ्यावें लागतें, दाखला आला नाहीं या सबबीवर परतवितां येत नाहीं, आणि मागें पडलेल्यास विशेष शिकवून त्याच्या वयाच्या वर्गांत बसवावें लागतें. कायदा चांगला आहे. परंतु कायदा कोणाच्या दारीं जाऊन मुलास हांक मारीत नाहीं.

ती हांक शेजाऱ्यानें मारावयाची असते. गाडी निघण्यापूर्वीं त्या घरीं जावें. मूल आजीपाशीं, आपल्या ओसरीवर किंवा हंगामी वसतिगृहांत राहूं शकेल काय, हें विचारावें. तें जाणारच असेल तर जेथें जाईल तेथील शाळा शोधून द्यावी. परत आल्यावर आठवड्याच्या आंत त्याचा हात धरून शाळेंत न्यावें, आणि संध्याकाळीं कंदिलाशीं किंवा दिव्याशीं बसवून मागचा धडा करून घ्यावा. पुरानंतर शाळेंत राहिलेल्या कुटुंबांस दुसरा निवारा आधीं पाहून द्यावा, म्हणजे कोणास बाहेर न काढतां शाळा लवकर भरेल. यास पैसा थोडा लागतो, लक्ष मात्र फार लागतें.

वादळी दिवस संपला म्हणजे धनगर वाडग्याच्या दाराशीं उभा राहून मेंढरें मोजतो. किती आलीं याच्या समाधानांत तो निजत नाहीं. एक कमी भरलें तर काठी घेऊन पुन्हां निघतो. मुलांच्या बाबतींत आपण त्याहून कमी दक्ष असावें काय?