मत्सर आणि प्रमाण

फसविला गेलेला मनुष्य कितपत दोषी मानावा? कपटाने भ्रमात पडलेल्याच्या हातून पाप घडले, तर त्याचा सारा भार कपट करणाऱ्यावर टाकून मोकळे होण्याकडे मनाचा कल असतो. जुझेप्पे व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा 'ओथेल्लो' हा ऑपेरा, म्हणजे आद्यंत गाइले जाणारे नाटक, हा कल पुन्हा तपासावयास लावतो. शेक्सपियरच्या नाटकावरून आरीगो बोइतो याने त्याची संहिता रचली व ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. मूळ कथा मराठी प्रेक्षकांस देवलांच्या 'झुंझारराव'मुळे परिचित आहेच.

व्हेनिसचा सेनानी ओथेल्लो सायप्रस बेटावर विजयी होऊन उतरतो. पत्नी डेस्डेमोना हिच्यावर त्याचे निरतिशय प्रेम आहे. कप्तानपद आपल्याला न मिळता कॅसिओला मिळाले, म्हणून इयागो मनात जळत असतो. मत्सराचा उगम असा इयागोच्या ठायी आहे. ओथेल्लोच्या ठायी तो एखाद्या रोगासारखा संक्रांत होतो.

इयागो प्रथम स्पष्ट आरोप करीतच नाही. तो अर्धे बोलतो, अडखळतो, आणि वर मत्सरापासून जपावे असा उपदेशही करतो! ओथेल्लो मूर्ख नव्हे. संशयापूर्वी शोध आणि संशयानंतर प्रमाण, हा आपला दंडक असल्याचे तो बजावतो. दंडक निर्दोष आहे. परंतु प्रमाण तो मागतो कोणाकडे? ज्याने संशय पेरला त्याच्याचकडे! आणि मिळते काय? कॅसिओ झोपेत बरळल्याची एक कहाणी व एक हातरुमाल. तो रुमाल इयागोने आपली पत्नी एमिलिया हिच्या हातून हिसकावून घेतलेला असतो आणि धाकापोटी ती गप्प राहते.

ओथेल्लो डेस्डेमोनेला विचारीत नाही असे नाही. पण त्याच्या प्रश्नातच निकाल दिलेला असतो. ती आपल्या पातिव्रत्याची शपथ घेते, ती त्याला खोटी वाटते. रुमाल मागताच ती भिऊन तो हरवल्याचे नाकारते, आणि ही भीती मात्र त्याला अपराधाची खूण वाटते. कॅसिओच्या पदासाठी तिने निर्मळ मनाने केलेली रदबदलीही तिच्यावरच उलटते. मत्सराला प्रमाण हवे असते ते निर्णय करण्यासाठी नव्हे, झालेला निर्णय शोभून दिसावा म्हणून.

शेवटच्या अंकात ती विनविते की, कॅसिओला बोलवावे, त्याला बोलू द्यावे. तो आता कायमचा मुका झाला, असे ओथेल्लो उत्तरतो. कारण त्याच्या वधाची कामगिरी इयागोने पत्करलेली असते व ती पार पडली अशी त्याची समजूत आहे. सत्याचा दरवाजा त्याने आपल्या संमतीने आधीच बंद करविला होता. यानंतर इयागोवर सगळा दोष ढकलणे कठीण आहे.

ओथेल्लो तिचा गळा दाबतो. मग एमिलिया सांगते की, रुमाल इयागोने हिसकावला. जिवंत असलेला कॅसिओ सांगतो की, तो आपल्याला आपल्या बिऱ्हाडी सापडला. अवघी दोन वाक्ये! त्या बेटावर ती कोणत्याही दिवशी मिळू शकली असती. पण त्याआधीच, हे कोणी केले, या एमिलियेच्या प्रश्नाला डेस्डेमोनेने अखेरच्या श्वासात उत्तर दिलेले असते: कोणी नाही, मीच. तेव्हाही ओथेल्लो तिला खोटारडी म्हणतो. या वेळी मात्र ते खरे असते.