पदकाची पाठ

जुन्या जर्मन बिल्ल्यांचा संग्रह करणाऱ्या माणसाच्या हातीं एखादा बिल्ला दिला, तर तो प्रथम उलटा करून पाहतो. दर्शनी बाजूला तांबड्या-पांढऱ्या मीनाकामांत तें काळें स्वस्तिक असतें. ज्यासाठीं हा बिल्ला घडविला गेला तें सारें तिकडेच. पण जाणकाराची नजर पाठीवरच्या, भिंगाशिवाय नीट न दिसणाऱ्या अक्षरांकडे असते. एका लहान वर्तुळांत 'आर. झेड. एम.' हीं अक्षरें आणि जवळच 'एम १/५२' असा आंकडा दिसला, कीं त्याची मुद्रा उजळते. हीं अक्षरें हिटलरच्या पक्षाच्या म्युनिच येथील साहित्य-नियंत्रण कचेरीचीं. पक्षाचे गणवेश, पट्टे, बिल्ले कोणीं करावे याचे परवाने ती देई. 'एम १' म्हणजे धातूचे बिल्ले, आणि ५२ हा म्युनिचच्याच 'डेश्लर आणि पुत्र' या पेढीचा क्रमांक. ही पद्धत रुळण्यापूर्वींच्या बिल्ल्यांवर 'गेस. गेश.' अशीं, 'कायद्यानें संरक्षित' या अर्थाचीं त्रोटक अक्षरें आढळतात.

युद्धपदकांची रीत निराळी. सरकारनें दिलेल्या पदकावर खूण असली तर सामान्यतः ती नुसत्या आंकड्याची असे: ४ म्हणजे ल्यूडेनशाइडचे श्टाइनहाउअर आणि ल्यूक, ६५ म्हणजे ईडार-ओबरश्टाइनचे क्लाइन आणि क्वेन्झर. मिळालेलें पदक घरीं जपून अंगावर मिरविण्यासाठीं दुसरी प्रत दुकानांतून विकत घेण्याची मुभा शिपायाला होती. १९४१ सालीं पदकनिर्मात्यांचा संघ स्थापन झाल्यावर अशा विकाऊ प्रतींवर 'एल' हें अक्षर व निराळा आंकडा येऊं लागला. श्टाइनहाउअर आणि ल्यूक यांचा 'एल/१६'. एकाच कारखान्याच्या दोन पदकांपैकीं कोणतें हातीं ठेवलें गेलें आणि कोणतें पैसे मोजून घेतलें, हें एका अक्षरावरून कळावें यांत थोडी मौज आहे. धातूही कांहीं सांगतोच. आरंभींचीं पदकें तांबें आणि जस्त यांच्या मिश्रणाचीं, जड व सुबक. युद्ध लांबलें, तांबें दारूगोळ्याकडे वळलें, तशीं तीं नुसत्या जस्ताचीं होऊं लागलीं. जस्तावर मुलामा टिकत नाहीं. आज तीं करडीं, निस्तेज दिसतात.

इथवर ही विद्या नाणकशास्त्राइतकीच निरुपद्रवी आहे. अडचण येते ती 'अस्सल' या शब्दापाशीं.

जुन्या ठशांतून १९४५ नंतर काढलेल्या प्रतीही बाजारांत फिरतात. समजा, अशी एक प्रत आणि युद्धकाळांतली एक, अशा दोन शेजारी ठेवल्या. ठसा तोच, खूण तीच, कदाचित् घडविणारा हातही तोच. तरी संग्राहक पहिलीला मोठी किंमत देईल आणि दुसरी नकली म्हणून बाजूस सारील. तर मग अस्सलपणा वसतो कोठें? पहिली प्रत निघाली तेव्हां तें राज्य जिवंत होतें आणि ती खरोखरच कोणाच्या तरी छातीवर लागली असावी, एवढाच काय तो दोहोंतील फरक. म्हणजे किंमत पडते ती सहभागाची. ज्या बिल्ल्यानें कोणाचें घर जळतांना पाहिलें नाहीं तो लबाड, आणि ज्यानें पाहिलें तो प्रामाणिक! हा न्याय चमत्कारिक खरा. पण बाजार त्यावरच चालतो.

संग्राहक म्हणेल, खोट्या पुराव्यावर इतिहास उभा राहत नाहीं. तें मला मान्य आहे. बनावट ओळखणारा मनुष्य भूतकाळाची सेवाच करतो. परंतु अभ्यासाला एक नमुना पुरतो. पेटींत चाळीस लागतात ते हांवेला. आणि त्या हांवेला आपण नेमकी कशाची हांव धरली आहे, हें विचारण्याची पाळी क्वचितच येते.

जर्मन दंडविधानाचें ८६ अ हें कलम अशा चिन्हांच्या जाहीर वापराला मनाई करतें. शिक्षण आणि संशोधन यांना त्यांतून सूट आहे. म्हणून तेथील लिलावांच्या सूचींत स्वस्तिक झांकलेलें दिसतें. पाठीवरच्या आंकड्याला अशी आडकाठी नाहीं. कायद्याला पाठ निर्दोष वाटते. मला ती तितकी निर्दोष वाटत नाहीं.

आपल्या घरांतल्या जुन्या पितळी भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें नांव देणाऱ्याचें किंवा मालकाचें असतें. घडविणारा तांबट सहसा अनामिक राहतो. येथें प्रकार उलटा. लावणाऱ्याचें नांव नाहीं, घडविणाऱ्याचें आहे. आणि तें कशाची ग्वाही देतें? मीना तडकणार नाहीं, टांचणी मोडणार नाहीं, रंग ठरल्याप्रमाणें उतरेल, याची. बिल्ला कोण लावील आणि लावून काय करील, हा प्रश्न परवान्यांत नव्हता. कारागिरानेंही तो स्वतःला विचारला नाहीं. त्याची सदसद्विवेकबुद्धि मीनाकामांत पूर्णपणें जागी होती, आणि तिची हद्दही तेथेंच संपत होती. ठसे खोदणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें असें मी म्हणत नाहीं. पण आंकडा ही सही आहे, आणि सही करणाऱ्याला कागदावर काय लिहिलें होतें हें अगदींच ठाऊक नव्हतें, असेंही म्हणवत नाहीं.

ल्यूडेनशाइडची तीच पेढी पुढें पश्चिम जर्मनीच्या प्रजासत्ताकानें १९५१ सालीं स्थापिलेलें सेवापदकही घडवूं लागली. २६ जुलै १९५७ च्या कायद्यानें जुनीं युद्धपदकें स्वस्तिक वगळून वापरण्यास परवानगी दिली, तेव्हां नव्या नमुन्याचे लोहक्रॉसही तेथें तयार झाले. मधल्या चिन्हाच्या जागीं ओकचीं पानें आलीं. यांत बेकायदेशीर असें कांहींच नव्हतें. कारखान्याला दोन्ही वेळीं चांगलेंच काम करावयाचें होतें, आणि त्यानें तें केलें.

एका बिल्ल्यावर मात्र दोघांचीही ओळख आहे. पक्षाचे पहिले एक लक्ष सभासद, ज्यांच्या सभासदत्वांत खंड पडला नव्हता, त्यांच्यासाठीं १९३३ सालीं सोनेरी बिल्ला निघाला. त्याच्या पाठीवर घडविणाऱ्याची खूण असते आणि जवळच त्या सभासदाचा पक्षक्रमांक ठोकलेला असतो. १९४५ च्या वसंतांत पक्षाचीं सभासदपत्रें लगदा करण्यासाठीं म्युनिचजवळच्या एका कागदगिरणींत पाठविण्यांत आलीं. गिरणीच्या चालकानें तीं नष्ट केलीं नाहींत. पुढें तीं अमेरिकनांच्या हातीं लागलीं. आज तीं बर्लिनच्या सरकारी दफ्तरखान्यांत आहेत. भिंग हातीं घेतलेला मनुष्य पहिली खूण आपल्या पुस्तकांत शोधून काढतो, नोंद करतो आणि बिल्ला मखमलीच्या खणांत ठेवून देतो. दुसरा आंकडा ज्याचा, त्याचें पत्र बहुधा त्या दफ्तरखान्यांत असतें: नांव, जन्मतारीख, धंदा आणि राहण्याचा पत्ता.