धुराची वहिवाट

अग्नी आणि धूम यांचा संबंध स्वाभाविक की औपाधिक, हा प्रश्न नैयायिकांनी शतकानुशतके इतक्या सूक्ष्मतेने चर्चिला की, ज्याच्यावर धूर दिसतो तो डोंगर, अन्वयाचे उदाहरण म्हणून दिलेले स्वयंपाकघर आणि व्यतिरेकाचे उदाहरण म्हणून दिलेला पाण्याचा डोह ही त्रयी तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या जिभेवर बसलेली असते. परंतु हा प्रश्न जितका ज्ञानाचा आहे तितकाच तो आचरणाचाही आहे, आणि कोळशाच्या विस्तवावर अन्न भाजू पाहणाऱ्या माणसाला तो पहिल्याच दिवशी, पहिल्याच ठिणगीबरोबर, भेटल्यावाचून राहत नाही.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे भिवंडीचा निजामपुरा आहे. शहराच्या महानगरपालिकेच्या नावात भिवंडीच्या जोडीला निजामपूर आजही कायम आहे, यावरून या वस्तीचे जुनेपण आणि तिचा मान ध्यानात यावा. कोकणी मुसलमानांची पिढीजात घरे, उत्तर हिंदुस्थानातून हातमाग घेऊन आलेले मोमीन अन्सारी, तेलंगणातून आलेले पद्मशाली अशा नाना विणकरांनी गजबजलेल्या या शहरात घराला घर लागून असते, एकाची गच्ची दुसऱ्याच्या खिडकीशी भिडलेली असते, आणि खालच्या गाळ्यात यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना वरच्या मजल्यावर संसार चालू असतो. लांबट लोखंडी शेगडीवर सळया आडव्या टाकून, पंख्याने वारा घालीत भाजलेले सीख कबाब येथे कोणाला नवे नाहीत. नवी आहे ती घुमटाकार झाकणाची केटल ग्रिल, जी हल्ली हौशी तरुणांच्या गच्चीवर आली आहे. आणि तिच्या आगमनामुळे धुराचा प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक खोल झाला आहे, असे माझे मत आहे.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी तयार होणारे धातूचे अर्धगोल घेऊन, खालच्याला पाय आणि वरच्याला मूठ जोडली, हवेला ये-जा करण्यासाठी भोके पाडली, आणि वाऱ्यापावसाने हैराण होणाऱ्या उघड्या विस्तवाला घर मिळवून दिले. या रचनेचे सारे मर्म झाकणात आणि दोन झडपांत आहे. उघड्या शेगडीवर विस्तवाचा अंमल वाऱ्याकडे असतो. येथे तो माणसाच्या हातात येतो.

ज्याला आरंभ करावयाचा आहे त्याने प्रथम रॉकेल ओतून पेटवण्याची घाई सोडावी, कारण रॉकेलचा वास अन्नातून जात नाही. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या पत्र्याच्या नळकांड्यात कोळसे भरून खाली कागदाचे बोळे पेटवले की, उष्ण हवा आपल्या स्वभावाने वर चढते, मागून ताजी हवा खेचून आणते, आणि साधारणतः 15 ते 20 मिनिटांत वरच्या कोळशांवरही पांढरी राख धरते. ते निखारे भांड्याच्या एकाच अंगाला ओतावे, दुसरे अंग रिकामे ठेवावे. जे लवकर भाजून काढावयाचे ते निखाऱ्यांवर आणि जे सावकाश शिजवावयाचे ते रिकाम्या अंगाला, अशी कामाची वाटणी आपोआप होते. वरची झडप बहुधा उघडीच ठेवून खालच्या झडपेने हवा कमीजास्त करावी. कोंबडीचे मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला पोहोचल्याखेरीज खाऊ नये. खांद्याचे किंवा मांडीचे चिवट मटण मात्र 110 ते 120 अंशांच्या मंद उष्णतेत तासन्‌तास राहू द्यावे, कारण त्यातील चिवट तंतू विरघळून मऊ होण्यास उष्णतेइतकाच वेळ लागतो. मांस खावे की न खावे हा वाद येथे मांडण्याचा माझा उद्देश नाही. भरताचे वांगे भाजणाऱ्यालाही पुढचा प्रश्न चुकत नाही.

तो प्रश्न असा. नीट पेटलेल्या, राख धरलेल्या निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतोच. नैयायिकांनी हे पुरते ओळखले होते. जेथे धूर तेथे विस्तव, ही व्याप्ती निरपवाद आहे. परंतु जेथे विस्तव तेथे धूर, हे उलटे विधान टिकत नाही, आणि ते पाडण्यासाठी त्यांनी तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण दिले. धूर विस्तवाच्या स्वरूपात नाही; ओल्या इंधनाशी विस्तवाचा संयोग झाला तरच तो उपजतो, आणि या ओल्या इंधनाला त्यांनी उपाधी हे नाव दिले. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आठल्ये आणि बोडस यांच्या परिश्रमाने 1897 साली मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हा विचार अभ्यासला. पण त्याचा नैतिक अर्थ फारसा कोणी पाहिला नाही, याची मला खंत वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील 48 व्या श्लोकात सर्व आरंभ दोषाने वेढलेले असतात आणि ते अग्नी धुराने वेढलेला असावा तसे, असे सांगून सहज प्राप्त झालेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असा उपदेश केला आहे. हा उपदेश मला शिरोधार्य आहे. परंतु त्याचा आधार घेऊन, दोष तर असायचाच, मग त्याची चौकशी कशाला, असे म्हणणारा आळशी मनुष्य आपल्या समाजात पावलोपावली आढळतो, आणि त्याच्यासाठी नैयायिकांचा उपाधिविचार गीतेच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. धूर कर्माला आपसूक चिकटलेला नसून तो कोठून येतो हे दाखवता येते. आणि जे दाखवता येते त्याची जबाबदारी कोणावर तरी पडते.

येथे कोणी म्हणेल की, मग कोळसा वापरला म्हणजे प्रश्न मिटला. निखारा निर्धूम, म्हणून कर्म निर्दोष. हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे आणि तो मुळातून चुकीचा आहे. कोळसा निर्धूम असतो तो त्याचा धूर आधीच निघून गेलेला असतो म्हणून. लाकडातील पाणी, वायू आणि डांबरी अंश जेथे बाहेर पडले, ती जागा आपल्या गच्चीपासून दूर, रानात असते, आणि तो धूर ज्याच्या डोळ्यांत गेला तो मनुष्य आपल्या पंगतीला नसतो.

ठाणे आणि रायगडच्या रानांत हा मनुष्य फार करून कातकरी असे. खैरापासून कात काढणे हा या जमातीचा मूळ व्यवसाय, ज्यावरून तिचे नाव पडले. इंग्रजी अमलातील जंगलकायद्यांनी रानावरचा तिचा ताबा आवळला आणि कातकऱ्यांची पुष्कळ कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीस लागली. लाकडाचे ओंडके रचून त्यांवर पालापाचोळा आणि माती लिंपावयाची, बुडाशी थोडी भोके ठेवावयाची, विस्तव लावावयाचा, आणि मग दिवसरात्र त्या ढिगाभोवती राखण करावयाची: प्रथम पांढरा दाट धूर, नंतर पिवळसर, शेवटी विरळ निळा. कोठे माती फुटून ज्वाळा बाहेर आली तर धावत जाऊन ती बुजवावयाची, नाहीतर सारा माल राख. असे केल्यावर 4 ते 6 किलो लाकडातून सुमारे 1 किलो कोळसा हाती लागतो. केटल ग्रिलच्या झडपेशी उभा राहून हवेचा हिशेब करणारा हौशी पाकशास्त्री जी विद्या नवी म्हणून शिकत असतो, तीच विद्या, तेच हवेचे संयमन, ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी पायांनी आचरत आली; फरक इतकाच की पावसाळा सरला की उचल घेऊन बायकामुलांसह भट्टीवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतताना उचल फिटलेली नसायची. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, तरी पुढील दशकात ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी लढा द्यावा लागला, हे आपल्या जिल्ह्याच्या दफ्तरात नमूद असलेले सत्य आहे. आजही कातकरी महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक गणले जातात. दोष एका जागेहून दुसऱ्या जागी हलवला म्हणजे तो नाहीसा झाला, असे मानणे हा आपल्या काळाचा फार मोठा भ्रम आहे, आणि कोळशाच्या पोत्यात तो मला ढळढळीत दिसतो.

आता धूर मुद्दाम बोलावण्याच्या प्रकाराकडे वळू. अन्नाला धुराची चव लावण्यासाठी निखाऱ्यांवर आंब्याची किंवा पेरूची वाळलेली ढलपी ठेवतात. नैयायिकांच्या भाषेत, उपाधी हेतुपुरस्सर निर्माण करतात. आपल्याकडे वाटीत पेटता निखारा ठेवून त्यावर तुपाची धार सोडून वरणाला किंवा भरताला धुंगार देण्याची रीत आहेच. या ठिकाणी अनुभवी माणसे एक गोष्ट सांगतात, जी मला साधकाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची वाटते: हवा पुरी मिळाली तर धूर विरळ, निळसर आणि गोड असतो, आणि झडपा आवळून विस्तव घुसमटवला तर तोच धूर पांढरा, दाट आणि कडवट होऊन अन्नावर काजळीसारखा बसतो. इंद्रियनिग्रहाविषयी जे लोक केवळ दाबून टाकण्याची भाषा करतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे. दडपलेला विस्तव विझतो असे नाही. तो आतल्या आत धुमसतो आणि स्वतःच्या धुराने सगळे कडू करतो. संयम म्हणजे झडप किती उघडावी याचे ज्ञान. त्यासाठी शेजारी बसून पाहत राहावे लागते, आणि झाकण वारंवार उचलण्याचा मोह आवरावा लागतो, कारण प्रत्येक वेळी झाकण उचलले की साठलेली उष्णता निघून जाते.

हा गोड धूरही आपल्या हद्दीत राहत नाही. कायद्याने या गोष्टीची दखल फार पूर्वी घेतली. 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा, जो 1891 साली मुंबई इलाख्याला लागू झाला, त्यात वीस वर्षांच्या वहिवाटीने हवा दूषित करण्याचा हक्कही प्राप्त होऊ शकतो असे मानले आहे; मात्र वहिवाटीच्या आरंभी दूषण जितके होते तितक्यापुरताच तो हक्क, त्याहून अधिक नाही, अशी मर्यादाही घातली आहे. ही तरतूद वाचून मला दर वेळी अस्वस्थ वाटते. वीस वर्षे शेजाऱ्याने सोसले म्हणून त्याच्या श्वासावर आपला हक्क कसा चालू व्हावा? न्यायालयात हा फैसला टिकेल. धर्माच्या दरबारात तो टिकत नाही.

निजामपुऱ्यात तर धर्माचे उत्तर मुळीच शोधत जावे लागत नाही. रस्सा शिजवाल तेव्हा त्यात पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा, या आशयाचे पैगंबरांचे वचन सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. आणि ईदुज्जुहाच्या कुर्बानीचे मांस तीन वाट्यांत विभागून एक घराला, एक आप्तेष्टांना आणि एक गरिबांना द्यावा, ही रीत येथे घरोघर पाळली जाते. कुराणाच्या बाविसाव्या सूऱ्यात असे स्पष्ट सांगितले आहे की कुर्बानीचे मांस किंवा रक्त परमेश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती मनुष्याची धर्मनिष्ठा. या दोन शिकवणी मी एकत्र वाचतो, तेव्हा मला असे दिसते की, अन्नाचा जो अंश देवापर्यंत जात नाही तो शेजाऱ्यापर्यंत गेला पाहिजे, आणि ज्याच्या घरात आपल्या विस्तवाचा धूर शिरतो त्याचा आपल्या ताटावर हक्क आधीच जडलेला असतो. धूर ही त्या हक्काची साक्ष होय. वैश्वदेवाच्या वेळी अतिथीचा आणि प्राणिमात्रांचा भाग बाजूला काढणाऱ्या हिंदू गृहस्थाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही.

या शहरात त्याला आणखी एक धार आहे. यंत्रमागाच्या गाळ्यात सुताची तूस हवेत तरंगत असते, भिंतींवर, तुळयांवर बसते; सुताच्या बाचक्यांना आणि कापडाच्या ताग्यांना एक ठिणगी पुरते. ज्या गच्चीखाली किंवा शेजारी माग चालतो त्या गच्चीवर वाऱ्याच्या दिवशी विस्तव पेटवणे हे दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे आहे. आणि बंद खोलीत, पावसाचे निमित्त करूनही, कोळसा कधी पेटवू नये. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. निर्धूम म्हणजे निर्दोष नव्हे, याचा याहून कठोर पुरावा नाही.

तेव्हा ज्याने नवी केटल ग्रिल घेतली आहे त्या वाचकाला माझी विनंती आहे. पोते विकत घेताना कोळसा कोणत्या भट्टीचा, तेथील मजुरांना रोजी मिळते की उचलीत वळती होते, हे दुकानदाराला विचारा. त्याला ठाऊक नसेल तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारा, कारण गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारी चौकशी करू लागतो. पेटवण्यापूर्वी भिंतीपलीकडच्या घरी जाऊन कोणाला दमा आहे काय, तान्हे मूल आहे काय, कोणाच्या घरी उपवास किंवा रोजा आहे काय, हे विचारा. पहिले ताट त्या घरी, जे त्यांना चालत असेल त्याचे, पाठवा. आणि काम झाल्यावर दोन्ही झडपा बंद करून विस्तव आपला आपण विझू द्या. उरलेला कोळसा पुढच्या वेळी उपयोगी येतो, परंतु राख दुसऱ्या दिवसापर्यंत कचऱ्यात टाकू नका, कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो.